झोळीचं वजन

रोज सकाळी पावणेनऊला फुंकरताई वजनाच्या खोलीत यायची, पिशवी खिळ्याला अडकवायची आणि कोणाशी एक शब्दही बोलायच्या आधी छताच्या आकड्याला टांगलेल्या वजनकाट्यावर रिकामी झोळी चढवायची. झोळीचं डोलणं थांबेपर्यंत कमरेवर हात ठेवून उभी राहायची. काटा स्थिर झाला की मान वर करून तबकडी वाचायची आणि मोठ्याने म्हणायची, "शून्य."

खोलीत कोणी असो वा नसो. शेजारच्या खोलीत मात्र मोठ्या सिस्टर असायच्या. मध्ये नुसती लाकडी फळ्यांची भिंत होती, आणि ते 'शून्य' फळ्यांतून गळून त्यांच्या टेबलावर येऊन पडायचं. अठरा वर्षं. फुंकरताईच्या आवाजात कधी टोमणा नसायचा, पण खाई त्याला खवखवे. मोठ्या सिस्टर रोज पावणेनऊला पेनाचं टोपण उघडत आणि न लिहिताच बंद करत.

मुलांच्या त्या दवाखान्यात मोठ्या सिस्टर इन्चार्ज होत्या. मुलांनी त्यांचं नाव ठेवलं होतं 'मोठी सुई', आणि ते त्यांना ठाऊक होतं. खरं तर त्यांचा हात हलका होता. पण ते कोणाच्या लक्षात येणार? सुई टोचायच्या आधीच पोर किंचाळून मोकळं झालेलं असायचं. "काही नाही होत, काही नाही होत," असं त्या म्हणत. एवढ्याशा पोरालाही कळायचं की काहीतरी होणार आहे.

वजनं आटोपली की सुया फुंकरताईही द्यायची, पण तिची तऱ्हा वेगळी. ती पोराची मूठ हातात घ्यायची, बोटांच्या पेरांवर हळूच फुंकर मारायची आणि सांगायची, "दुखणार आहे बरं का. चार म्हणेपर्यंत. मग नाही." पोर आपल्याच मुठीकडे टकामका बघत राहायचं आणि तोवर दुसऱ्या दंडात सुई जाऊन आलेली असायची. रडायचंच झालं तर ते चारनंतर, तेही शिष्टाचार म्हणून.

एका मुलाला एवढा वेळ लागल्यावर रांगेचं काय व्हायचं ते व्हायचं. मोठ्या सिस्टर दारात येऊन उभ्या राहत. "अगं, तुझ्या फुंकरीपायी रांग फाटकापर्यंत गेलीय. बाहेर खाटा टाकू का लोकांना?"

"टाक ना. दोनच टाक. आयांना पाठ टेकता येईल."

पालथ्या घड्यावर पाणी. जिला टोमणा लागतच नाही, तिच्याशी भांडायचं तरी कसं? शिवाय तिची वही कधी वेळेत पूर्ण नसे. अक्षर असं की औषधाचं नाव आणि मुलाचं नाव यात फरक कळू नये. पेनं हरवायची आणि मग मोठ्या सिस्टरांच्याच टेबलावरून उचलायची. डबा उभ्याने खायची, तोही दोन मुलांच्या मधल्या वेळात, आणि एकदा तर गडबडीत एका बाळाच्या वजनापुढे 'भेंडी' लिहून ठेवलं होतं. ते पान तिच्याकडून फाडून पुन्हा लिहून घेताना मोठ्या सिस्टरांना हसू आलं नाही. तीच आपली पोटभर हसली.

आणि लोक? लोक तिच्यासाठी जीव टाकत. रस्त्याने चालताना मिशीवाले बाप्ये तिला अडवून बाही वर करत. "ताई, ही खूण तुमची!" कधी मोठ्या सिस्टर बरोबर असल्या तर त्यांच्याकडे बघून ते अजूनही एक पाऊल मागे सरत. त्या दंडांपैकी निम्म्यांत सुई मोठ्या सिस्टरांनी घातली होती. पण लक्षात राहिली ती फुंकर.

एवढ्यावर असतं तर तो नुसता मत्सर झाला असता. मत्सर कुठल्याही दोन बायकांत असतो, दोन बाप्यांत तर जास्तच. इथे गाठ दुसरीच होती, आणि ती झोळीला बसली होती.

अठरा वर्षांपूर्वी दोघी बरोबरीच्या होत्या. दोघींतली एक इन्चार्ज होणार होती आणि कागद वरच्या ऑफिसात गेले होते. त्याच सुमारास वजनाच्या झोळीचा कोपरा उसवला. जुनी झोळी धुऊन धुऊन कांद्याच्या पातीसारखी पातळ झाली होती. मोठ्या सिस्टरांनी घरी मशीनवर नवी शिवली. जाड, कोऱ्या कापडाची, दुहेरी शिलाईची. सोमवारी सकाळी त्यांनी ती स्वतः टांगली. फुंकरताई तेव्हा सुईच्या खोलीत होती. रांग लागलेली होती आणि पहिली आई बाळाचे कपडे काढून उभी होती. त्यांनी बाळ झोळीत घातलं, वजन वाचलं, लिहिलं.

झोळी बदलली की काट्यामागचा स्क्रू फिरवून काटा पुन्हा शून्यावर आणायचा असतो, म्हणजे कापडाचं वजन बाळाच्या अंगावर चढत नाही. हे त्या नव्या मुलींना शिकवत. त्या दिवशी ते राहून गेलं. कोणाला कळलंही नाही. उलट पुढचे पाच आठवडे दवाखान्यात आनंदीआनंद होता, कारण प्रत्येक पोर तीनशे ग्रॅमने भरलं होतं. आया खूश, डॉक्टर खूश. वरच्या ऑफिसातून शाबासकीचं पत्र आलं.

एक चार महिन्यांची मुलगी दर आठवड्याला वजनाला यायची. जन्मतःच अशक्त. नव्या झोळीत तिचा आकडा एकदम वर गेला, मग हळूहळू खाली येत गेला, पण कागदावर तरी जुन्या वजनाच्या खाली आला नाही. चौथ्या आठवड्याला फुंकरताईने तिला झोळीतून उचललं आणि तशीच धरून ठेवलं.

"हिचे गाल उतरलेत ग. हातालाही हलकी लागतेय."

मोठ्या सिस्टर शेजारी कार्डं लावत होत्या. "डोळ्यांवर जायचं की काट्यावर?" त्या म्हणाल्या. "तू ना, उगाच आयांना घाबरवत जाऊ नकोस."

पाचव्या आठवड्याला ती मुलगी मान टाकलेल्या अवस्थेत आली. मोठ्या इस्पितळात ती चाळीस दिवस होती. वाचली. त्या दुखण्यात एक कान मात्र गेला.

त्याच दुपारी फुंकरताईने काट्यावर नुसती झोळी टांगून बघितली. तीनशे. ती आपणहून डॉक्टरांना बोलवायला गेली. ते जुने डॉक्टर, आता कधीचे निवृत्त झालेले. ते आले, तबकडीकडे बघितलं, आणि दोघींकडे न बघता विचारलं, "झोळी कोणी बदलली?"

मोठ्या सिस्टरांनी तोंड उघडलं. हे त्यांना आजही शपथेवर सांगता येईल, की तोंड उघडलं होतं.

"मी," फुंकरताई म्हणाली.

उघडलेलं तोंड मोठ्या सिस्टरांनी मिटून घेतलं. एवढंच त्यांनी केलं. तोंड मिटायला किती वेळ लागतो?

संध्याकाळी हात धुताना त्यांनी तिला गाठलं. "कशाला मध्ये पडलीस? मी मागितलं होतं का?"

"मध्ये कुठे पडले? वजनाला मी होते ना पाच आठवडे. काटा रोज सकाळी मी बघायला हवा होता. झोळी कोणाची का असेना."

"मग तसं सांगायचं. मी बदलली असं का सांगितलंस?"

फुंकरताईने नळ बंद केला. "ते विचारत होते चूक कोणाची. मला जी वाटली ती सांगितली."

उपकार करायचा आणि वर तो उपकार नाहीच म्हणायचं! मार परवडला. दोन महिन्यांनी कागद आले. मोठ्या सिस्टर इन्चार्ज झाल्या आणि फुंकरताई वजनाच्या खोलीत राहिली ती कायमची. अभिनंदन करायला पहिली तीच आली. तेही मनापासून. हेच तर सहन होत नव्हतं. तिने एकदा रागाने बघितलं असतं, चारचौघांत एकदा उलटून बोलली असती, तर मोठ्या सिस्टर त्या रात्रीपासून शांत झोपल्या असत्या. तिने तेवढंही दिलं नाही. दिलं काय, तर रोज सकाळी पावणेनऊला एक शून्य.

त्या मुलीच्या घरी फुंकरताई वर्षभर दर गुरुवारी जायची. हातात काटा, खांद्याला झोळी. मुलीची आई तिला उंबऱ्याच्या आत घेत नसे. दाराच्या चौकटीला एक आकडा होता, त्याला काटा टांगून तिथेच, रस्त्यावर येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत वजन व्हायचं. फुंकरताई आकडा वाचायची, पोरीच्या मुठीवर फुंकर मारायची आणि निघायची. हे मोठ्या सिस्टरांना मावशींकडून कळायचं. मावशी म्हणजे दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या बाई. झाडता झाडता त्या सगळ्या गावाच्या बातम्या गोळा करत.

"आज पाणी तरी विचारलं का हो त्या बाईने?" मोठ्या सिस्टर विचारत.

"पाणी? दार उघडलं हेच नशीब म्हणायचं."

मग एक दिवस, अठरा वर्षांनी, फुंकरताईने पोटाच्या एका लहानशा शस्त्रक्रियेसाठी आठवड्याची रजा टाकली. शनिवारी दुपारी ती रजेवर निघाली आणि बुधवारी ती गेल्याचा निरोप आला. लहानशी शस्त्रक्रिया लहान राहिली नव्हती.

बुधवारी मोठ्या सिस्टर रडल्या नाहीत. आल्यागेल्याला बातमी सांगितली, वजनाला एका नव्या मुलीला बसवलं आणि सुया मोजल्या. फक्त खिडकीकडे पाठ करून बसल्या. खिडकीतून मागचं अंगण दिसायचं, अंगणात दोरी होती आणि दोरीवर वजनाची झोळी वाळत होती. सोमवारी मावशींनी विचारलं होतं, "आत घेऊ का हो?" त्यावर त्या फाडकन म्हणाल्या होत्या, "जिची आहे ती येऊन काढेल." मावशींनी पुन्हा विचारलं नाही. खोलीत दुसरी झोळी होती, काम अडत नव्हतं.

शोकसभा पंधराव्या दिवशी झाली, दवाखान्याच्याच मोठ्या खोलीत. नव्या डॉक्टरांना पाट्यांची भारी हौस. वजनाच्या खोलीला फुंकरताईचं नाव द्यायचं त्यांनी ठरवलं होतं. सकाळीच ते मोठ्या सिस्टरांच्या टेबलाशी आले.

"सिस्टर, रजेवर जाताना त्या शेवटच्या तुमच्याशीच बोलल्या ना? काय म्हणाल्या? पाटीवर नावाखाली घालू. लोकांना प्रेरणा मिळते."

"आठवत नाही," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

"आठवा ना. सभेत तुम्ही सगळ्यात शेवटी बोलणार आहात. तेव्हा सांगा."

मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, ते त्या दुपारी मोठ्या सिस्टरांनी कानांनी ऐकलं. एक दांडगा मेकॅनिक माइकपाशी आला, "चार म्हणेपर्यंत..." एवढं बोलला आणि रडू लागला. कोणी म्हणालं तिला सगळ्या मुलांचे जन्मवार पाठ होते. (साफ खोटं. तिला स्वतःच्या रजा पाठ नसत.) कोणी म्हणालं तिच्याकडून आयुष्यात एक चूक झाली नाही. तिची भावजय उठली आणि म्हणाली, "आमच्या वन्सं घरी कशा होत्या सांगू? डबा कधी धुवायच्या नाहीत. मीच घासत आले. आता दोन आठवडे झाले, घासायला डबाच नाही." तेवढं एक वाक्य मोठ्या सिस्टरांना पटलं.

मग मागच्या रांगेतून एक बाई उभी राहिली. तिच्या शेजारी अठराएक वर्षांची मुलगी होती, एक कान पुढे करून बसलेली. मोठ्या सिस्टरांनी बाईच्या आधी मुलीला ओळखलं.

"नाव द्यायचं तर द्या," ती बाई जागेवरूनच म्हणाली. "अंगणाला द्या, फाटकाला द्या. त्या खोलीला नको. त्या खोलीत माझ्या पोरीचं वजन पाच आठवडे चुकलं. चूक झाली नाही म्हणता? ही बसलीय ती चूक. डाव्या बाजूने हाक मारून बघा, ऐकू येतं का."

नवे डॉक्टर हातातल्या कागदाकडे बघत म्हणाले, "म्हणजे... तसं असेल तर पाटीचा आपण पुन्हा विचार करू." भावजयीने मान खाली घातली. भिंतीला टेकवलेल्या फोटोत फुंकरताई हसत होती. भेंडीच्या वेळी हसली होती तशीच.

"सिस्टर," डॉक्टर घाईने म्हणाले, "तुम्ही या."

मोठ्या सिस्टरांच्या पर्समध्ये चार ओळींचा कागद होता. नोकरीची वर्षं, कामाचं स्वरूप, हजेरी, श्रद्धांजली. त्या माइकपाशी गेल्या आणि पर्स उघडायचं विसरल्या. आताही गप्प राहता आलं असतं. पाटी लागली नसती, अठरा वर्षांपूर्वीचा दोष तिच्याच नावावर राहिला असता आणि फोटोतली बाई काही उलटून बोलणार नव्हती. ती कधी बोललीच नव्हती. पण तोंड दुसऱ्यांदा मिटायला फार वेळ लागतो, हे त्यांना तिथे उभं राहिल्यावर कळलं.

"झोळी मी बदलली होती," त्या म्हणाल्या. "तिने नाही. मी शिवली, मी टांगली, काटा शून्यावर आणला नाही. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ती 'मी' म्हणाली आणि मी गप्प बसले. ती मुलगी हलकी लागतेय असं ती म्हणाली होती. तिला मी गप्प केलं. मला ती आवडायची नाही. त्याआधीही नाही, त्यानंतर तर मुळीच नाही. बस."

त्या थांबल्या. आता लोक तोंडावर थुंकतील, त्यांना वाटलं. थुंकू देत.

पहिल्या रांगेत कोणीतरी हुंदका दिला. मग नवे डॉक्टर उभे राहिले, त्यांचे डोळे भरून आले होते. "बघा," ते म्हणाले, "याला म्हणतात मैत्री. गेलेल्या सहकारिणीवर डाग राहू नये म्हणून सिस्टरांनी दोष स्वतःच्या अंगावर घेतला. केवढं मोठं मन!"

आणि टाळ्या पडल्या. शोकसभेत! मेकॅनिक उभा राहून वाजवत होता. "अहो, खरं सांगतेय मी!" मोठ्या सिस्टर माइकवर ओरडल्या. "ऐका की!" त्यावर टाळ्या आणखी वाढल्या. बाहेर जाताना मावशी त्यांचा हात धरून म्हणाल्या, "आम्ही उगाच तुम्हाला कडक समजत होतो हो."

मेली ती मेली, आणि जाताना स्वतःचा मोठेपणा आपल्या गळ्यात मारून गेली! मोठ्या सिस्टर संतापाने तरातरा वजनाच्या खोलीत आल्या आणि दार लोटलं. मागोमाग ते उघडलं. ती बाई होती. मुलगी बाहेर थांबली होती.

"खरं होतं," बाई म्हणाली. तिने विचारलं नव्हतं.

"हो."

"मला आठवतं. मी पहिली होते त्या दिवशी. कापड कोरं होतं, कडक. टोचलं म्हणून ही रडायला लागली. तुम्ही म्हणालात, धुतली की मऊ होईल." ती छताच्या आकड्याकडे बघत होती. "नंतर सगळे म्हणाले फुंकरताईने बदलली. मला वाटलं माझंच डोकं ठिकाणावर नाही तेव्हा. तुम्हा दोघींचे कपडे सारखे."

बाईने नजर आकड्यावरून त्यांच्याकडे वळवली.

"वर्षभर यायची दारात. मी तिला पाणी विचारलं नाही. आणि तुम्ही इथे खुर्चीत बसून ऐकत होतात."

"हो."

"मी तुम्हाला माफ करणार नाही."

"नका करू," मोठ्या सिस्टर म्हणाल्या, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं. कोणीतरी त्यांना मोजून, वरचं काही न धरता, बरोबर तेवढंच बोललं होतं.

बाई दारापर्यंत गेली आणि वळली. "पाटी लावा म्हणावं. खोलीलाच." आणि मुलीच्या उजव्या बाजूला जाऊन, तिच्याशी हळू आवाजात बोलत, ती फाटकाबाहेर पडली.

मोठ्या सिस्टर मागच्या अंगणात गेल्या. दोरीवरची झोळी उन्हाने कडक झाली होती. कोपऱ्यात दुहेरी शिलाई अजून पक्की होती. अठरा वर्षं धुतली जाऊन कापड मात्र पातळ झालं होतं, जुन्या झोळीसारखंच. त्यांनी ती झटकली, आत आणली, काट्यावर चढवली आणि कमरेवर हात ठेवून डोलणं थांबायची वाट बघितली. धुळीने की कशाने, काटा रेघेच्या जरासा पुढे होता. त्यांनी स्क्रू फिरवला. काटा रेघेवर आला. तो शब्द काही तोंडातून निघाला नाही. त्यांनी नुसती मान हलवली.

दारात नवे डॉक्टर उभे होते, हातात पेन. "सिस्टर, आता पाटीचं नक्की झालं. त्या बाईंनीच जाता जाता सांगितलं मला. तेवढं सांगा ना, त्या जाताना काय म्हणाल्या?"

"खरंच हवंय?"

"अगदी त्यांच्या शब्दांत."

शनिवारी दुपारी फुंकरताई पिशवी खांद्याला लावून टेबलापाशी आली होती. मोठ्या सिस्टरांनी वहीतून मान वर केली नव्हती. ती जरा वेळ थांबली, टेबलावरचं पेन सवयीने उचललं, परत ठेवलं आणि म्हणाली:

"झोळी दोरीवर टाकलीय. वाळली की आत घे ग."